काचेवर राहिलेला कागद

सूनबाई हिंगोलीत एका वकिलाकडं काम करते. ऑफिसचं उरलेलं काम घरी करता यावं म्हणून तिनं झेरॉक्स आणि स्कॅनही करणारा बिनवायरचा प्रिंटर आणला आणि बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवला. पोरगं नोकरीपायी नांदेडला. घरात आमी तिघं, सूनबाई, मी आणि माझी कारभारीण.

कारभारणीला वाचता येत नव्हतं. पण गल्लीत कोणाला विरजण लागलं तर ती वाटी भरून देणार, आणि वाय-फायचा पासवर्डही तिनं तसाच दिला. सूनबाईनं तो टीव्हीमागं कागदावर लिहून चिकटवला होता. कोणी आलं की ही म्हणायची, "जा, बघून घे. त्यानं काय आटतंय व्हय?"

मग गल्लीचे कागद आमच्या घरी निघू लागले. लोक आपल्या घरी बसून मोबाईलवर बटण दाबायचे, इकडं मशीन खरखर करायचं. ही उठायची, वरचा फोटो बघून कागद कोणाचा ते ओळखायची आणि नेऊन द्यायची. प्रत्येक घरी चहा.

"तू काय गल्लीची पोस्टमन हाईस का?" मी म्हणायचो.

"तुमाला काय तकलीफ हाय? पडा तुमी."

पोळ्याच्या अगोदर ती गेली. तापाचं निमित्त झालं. मशीनला ते कोण सांगणार? दुपारी डोळा लागतो न लागतो तोच खरखर. मी झोपेतच तिला हाक मारायचो, मग ध्यानात यायचं. कागद उचलायचा, दारात उभं राहायचं, परत आत यायचं. पडवत न्हाई, बसवत न्हाई.

एके दिवशी सकाळी समोरचा शिक्षक मोबाईल घेऊन आला. सूनबाई ऑफिसला निघालीच होती.

"वहिनी, मी माझ्याच मशीनवर स्कॅन करायला गेलो. यादीत तुमचं मशीन वर होतं, चुकून तेच दाबलं गेलं. हे बघा काय आलं."

मोबाईलवर कोण्या म्हाताऱ्याचा आधार आणि अंगठा. वकिलाच्या पक्षकाराचा. रात्री सूनबाईनं तो कागद मशीनच्या काचेवर ठेवला आणि उचलायचा विसरली. तिनं जाऊन झाकण उघडलं, कागद तिथंच होता. शिक्षकानं आमच्यासमोर फोटो पुसला आणि निघून गेला.

"मामा, दुसऱ्याच्या हाती पडलं असतं तर माझी नोकरी गेली असती," ती म्हणाली. "आपल्या वाय-फायवर जो कोणी हाय, त्याला काचेवरचा कागद घरी बसून ओढता येतो. ऑफिसात आम्ही आलेल्या माणसांना वेगळं वाय-फाय देतो, प्रिंटरलाही पासवर्डचं कुलूप हाय. घरी मी काहीच केलं न्हाई. आज सगळं बदलते."

"म्हणजे तिनं दिलेलं तू काढून घेणार?"

"व्हय."

"अगं, गल्लीतली माणसं चोर हायेत का?"

तिनं पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "आत्या गेल्यावर मृत्यूच्या दाखल्यासाठी त्यांचं आधार याच काचेवर ठेवलं होतं. दिवसभर तिथंच होतं."

मी चप्पल घातली.

दारोदार गेलो. सरळ विचारलं, "तुमच्या मोबाईलात माझ्या बाईचं आधार आलं का?" एक जण हसला. कोपऱ्यावरच्या बाईनं दारातूनच सुनावलं, "काका, तुमच्या घरचं पाणी पिलंय आमी, काहून असं बोलता?" मी म्हणालो, "पाण्याचं न्हाई विचारलं. मोबाईल बघ." तिनं दार लावलं.

गल्लीच्या टोकाला एक शिवणकाम करणारी पोरगी राहते. तिची माय न्हाई. माझी कारभारीण तिच्याकडं रोज बसायची. तिनं शिलाई मशीन थांबवलं, मोबाईल काढला आणि दाखवला. माझ्या कारभारणीचं आधार. फोटोत ही रागावल्यावाणी बघून राहिली होती, पदर कपाळावर ओढलेला.

"मला माझा कागद स्कॅन करायचा होता, काका. काचेवर हे होतं. मी कोणाला पाठवलं न्हाई."

"मग ठेवलंस काहून?"

"माझ्याकडं दुसरा फोटो न्हाई त्यांचा."

खाली नंबर होता. सगळा.

"पूस ते."

"काका, नंबर झाकते. तोंड तेवढं राहू द्या."

"पूस म्हणलं ना. मोबाईलातल्या कचऱ्याच्या डब्यातूनही पूस, तिथं ऱ्हातंय म्हणत होती सूनबाई."

तिनं पुसलं. माझ्या डोळ्यासमोर हिचं तोंड गेलं. पोरगी खाली मान घालून कापड नीट करू लागली.

"नवीन पासवर्ड देणार का, काका?"

"न्हाई. कागद काढायचा असंल तर घरी ये."

"बरं," ती म्हणाली, आणि मशीन चालू केलं.

संध्याकाळी सूनबाईनं टीव्हीमागचा कागद फाडला, सगळं बदललं. आता मशीनही पासवर्ड विचारतं. माझं काम एकच, तिनं काचेवर काही ठेवलं की झाकण उघडून बघायचं, विसरली तर हाक मारायची. तेवढं मी करतो.

गल्लीतली माणसं आता झेरॉक्सच्या दुकानात जातात. शिक्षक एकदा आला होता. ती पोरगी आली न्हाई. बराबर केलं मी, अंगठा कोणाचाही असो, नोकरी माझ्या सुनेची गेली असती. तरी दुपारी मशीन गप्प असतं आणि मी उठून त्याच्यापाशी जातो, झाकण उघडतो, लावतो, दारात जातो. कोण येतंय का बघतो. त्या पोरीकडं हिचा एखादा चांगला फोटो न्यावा म्हणतो. अजून चप्पल घातलेली न्हाई.