हलम्याला घरचा माणूस

थावरी चांगली कमावती बाई झाली, ग्रामसभेत ठणकावून बोलू लागली, तरी उज्जैन शहरातल्या फ्रीगंजच्या भय्यासाहेबांचं नाव निघालं की तिचे दात आवळले जायचे.

उज्जैनपासून लांब, टेकडीच्या पोटाशी तिचा भिल्लांचा पाडा. भय्यासाहेबांनी वरचा ओहोळ बांध घालून आपल्या फार्महाऊसच्या तळ्यात वळवला आणि पाड्याच्या विहिरी तळाला गेल्या. थावरीची आई गाळातलं पाणी भरायला खाली उतरली, ती विहिरीची ढासळलेली दरड अंगावर येऊन गाडली गेली. भय्यासाहेब भेटायलासुद्धा आले नाहीत.

यंदा पाड्यानं आपल्या पाण्याची आखणी आपणच करायचं ठरवलं. थावरी म्हाताऱ्यांना घेऊन टेकडीभर हिंडली. पूर्वजांचे दगड कुठे उभे आहेत, देवीच्या बनात कुऱ्हाड का चालत नाही, झरे कुठे फुटायचे, त्यावरून पाणी जिरवायच्या चरांच्या जागा ठरल्या. बांध पाड्याच्या सामाईक जमिनीवर होता. तो फोडायचंही ठरलं.

"त्याच्या तळ्याला थेंब द्यायचा नाही," थावरी म्हणाली.

"पाण्याला कुणाला नाही म्हणू नये, पोरी," पाड्याचे मुखिया बदियाकाका म्हणाले. "मात्र हलम्याला येईल त्यालाच वाटा."

हलमा म्हणजे घरटी एकानं बिनमजुरीनं राबायचं. थावरी मनातल्या मनात हसली.

हलम्याचा निरोप गेला, तसे भय्यासाहेबांनी शहरातल्या देवास गेटच्या मजूरनाक्यावरून मजूर धाडले. तिनं ते आल्या पावली परत पाठवले. मग पाड्यानं बांध फोडला, तळं आटायला लागलं, तसे ते स्वतः गाडीतून उतरले.

"काय मजाक लावलीय, थावरी? दोन माणसं जास्त घे ना."

"भाड्याची नकोत, साहेब. घरचा माणूस पाहिजे."

नाइलाजानं त्यांनी बाह्या सरसावल्या. थावरीनं त्यांना सगळ्यात कातळी जागा दिली आणि शेजारच्या चरात स्वतः कुदळ चालवत राहिली, नजर मात्र त्यांच्यावर. दुपारपर्यंत त्यांच्या तळहातांना फोड आले.

"बस झालं आता," बदियाकाका हळूच म्हणाले. तिनं ऐकलं न ऐकलं केलं.

"जाऊ का मी?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"माझ्या आईचं नाव माहीत आहे तुम्हाला?"

ते तळहातावरचे फोड चोळू लागले.

"झमकू. चर पुरा व्हायचाय. उद्या या."

ते आले. परवाही आले.

पावसाळ्यानंतर विहिरींना पाणी टिकलं. तळ्यालाही त्याचा वाटा मिळाला. झालं गेलं मिटलं, असं पाडा म्हणाला. थावरीच्या लेखी काही मिटलं नव्हतं. पुढच्या हलम्याचा निरोप द्यायला ती मुद्दाम स्वतः फ्रीगंजला गेली, आणि दार उघडताच उतरलेलं त्यांचं तोंड डोळे भरून पाहून आली.