कौलानंतरचा अर्ज

सातवीची फायनल पास झाले तेव्हा विंझरकडच्या आमच्या वाड्यांत तेवढी शिकलेली मुलगी मी एकटीच. मास्तरांनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज आणून दिला. वडिलांनी सांगून टाकलं, "जागा मिळाली तर मास्तरीण हो. न्हाई तर ह्याच जेठात किकवीला द्यायची." किकवीचं स्थळ चालून आलेलं होतं. मला मास्तरीण व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं.

पण विहीर असो की सोयरीक, देवीच्या कौलाशिवाय आमच्याकडे पाऊल उचलत नसत. गुरव ओल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. भरलेला अर्ज देवीच्या पायाशी ठेवला आणि गुरव नेमका लेकीकडे बारशाला गेला. मास्तर रोज बजावायचे, मुदत संपेल. वडिलांचं एकच, "मुदत मानसांची असती." बाराव्या दिवशी गुरव उगवला. उजवी कळी पडली, आईनं गूळ वाटला. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला. कारकून म्हणाला, "मुदत परवाच संपली."

"पर साहेब, देवीनं कालच हो म्हटलं!"

बैल गेला नि झोपा केला, अशी आमची तऱ्हा. कारकून हसला नाही, एवढे त्याचे उपकार. अर्जावर तांबड्या शाईनं 'उशिरा' लिहून म्हणाला, "कुणी आलं नाही तर कार्ड टाकू."

जेठ सरायच्या आत लग्न झालं. हळद लागताना मला काहीच वाटलं नाही. बायका म्हणाल्या, पोरगी धीराची. धीर कसला, नुसती बधिर झाले होते.

आषाढात वडील किकवीला आले, भिजलेले. टोपीतून कार्ड काढून म्हणाले, "तुझ्या नावाचं हाय. कुनाकडनं वाचून घेतलं न्हाई. तूच वाच."

एक जागा रिकामी होती. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं.

वडील माझ्या तोंडाकडे बघत होते. सासूबाई चुलीशी भाकरी थापत होत्या.

"न्हाई म्हंत्यात," मी म्हणाले.

"मंजी मी लगीन उरकलं म्हनून न्हाई गेलं," वडील म्हणाले, आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त जेवले.