चांदी चालत घरी आली

स्पिरिटचा वास आला की मला आमची गाय चांदी आठवते. काल नातीला इंजेक्शन द्यायला नेलं, कापसाचा ओला बोळा तिच्या दंडावर फिरला, आणि मी थेट केळशीच्या आमच्या गोठ्यात जाऊन पोचले.

त्या सकाळी वळणावर चांदीला जीपची धडक बसली. ती पडली, उठली आणि आपल्या पायांनी घरी आली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. आईने तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. चांदीने गोठ्यातल्या आपल्या लहानग्या पाडीला चाटलं, पाजलं. दुपारी मात्र ती खाली बसली ती उठेना. कान गार पडले होते, पोट फुगलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. स्पिरिट लावून त्यांनी पोटात सुई घातली, तर सिरिंज रक्ताने भरली.

"यकृत फाटलंय, काकू. आतल्या आत रक्त वाहतंय. आता काही करता येणार नाही."

"अहो, पण ती चालत आली! पाडीला पाजलंन नीट!"

तिन्हीसांजेला चांदी गेली.

तेव्हा मला वाटलं, पाडीसाठीच ती घरी आली. आता वाटतं, रोजची वाट म्हणून आली असेल. पण मग पाजताना तिने डोळे मिटले होते, ते कशाने? दुखत होतं, की बरं वाटत होतं? मी तिच्या मानेवर हात ठेवून उभी होते, तरी मला सांगता येत नाही.