चव सांगायला माणूस

आमच्या वरच्या मजल्यावरचे पुष्करराव बिअर पितात, आणि तरीही मी त्यांच्या बाजूनं भांडते. बारामतीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीनं त्यांना बेवडा ठरवून टाकलंय. अरे, बेवडा माणूस एका ग्लासाला तासभर लावतो का? हे एक घोट घेणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "आसावरीवहिनी, ह्याला संत्र्याच्या सालीचा वास हाय बघा." मी काय बघू, कपाळ? मी थेंबाला शिवत नाही.

त्यांची सगळी नोकरी दूध संघात गेली. कॅनचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा, शंका आली तर थेंब जिभेवर ठेवायचा आणि दूध पास की नापास ते सांगायचं. जोडीला आनंदराव, मूळचे इंदापूरचे. दोघांची नाकं अशी तिखट की गवळी त्यांना टरकून असायचे. रिटायर झाल्यावर त्याच नाकांना हा नाद लागला. एसटीनं पुण्याला जायचं, कुणी हौशी माणसानं थोडीथोडकी काढलेली नवी बिअर हुडकायची, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून आणायची आणि गच्चीत बसून कुठली उजवी ते ठरवायचं. एकानं आत जाऊन ग्लास भरायचे, दुसऱ्यानं बाटली न बघता ओळखायचं. आता सांगा, एकट्यानं हा खेळ होणार कसा?

करोनात आनंदराव दवाखान्यात पडले, नंतर लेकाकडं इंदापूरलाच राहिले. येणं बंद झालं. पुष्करराव अगदी एकटे पडले. लग्न केलेलं नाही, मागंपुढं कुणी नाही. हौसेनं कुणाला बोलवावं, तर तो एका दमात ग्लास रिकामा करणार आणि विचारणार, "किती चढती ओ ही?" पुष्कररावांचं तोंड तेव्हा बघवायचं नाही. "वहिनी, चव सांगायला एक माणूस पायजे वो," म्हणायचे. मला त्यांची फार दया यायची.

शेवटी गेल्या रविवारी आनंदराव आले. पुष्कररावांनी मुद्दाम पुण्याहून पेरूची बिअर आणली होती. गच्ची झाडली काय, खुर्च्या पुसल्या काय, लग्नघर नुसतं! मी खारे दाणे घेऊन वर गेले, तर पुष्करराव स्वयंपाकघरात साध्या बिअरच्या एकाच बाटलीतून दोन्ही ग्लास भरत होते.

"आधी जरा खोडी काढतो त्याची," डोळा मारून म्हणाले. "दरवेळी वळखतो आन् मला शिव्या घालतो."

त्या शिव्यांसाठी माणूस आसुसलेला होता हो!

आनंदरावांनी पहिला ग्लास हुंगला, घोट घेतला. मग दुसरा. पुन्हा पहिला उचलून हुंगला.

"ही जरा गोडसर हाय," ते म्हणाले. "दुसरी कडू. पर दुसरीच उजवी."

पुष्कररावांचं हसू मावळलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला डोळ्यांनीच दटावलं.

"बराबर," ते म्हणाले. "नाक म्हंजे तुझंच गड्या."

मग पेरूची बाटली उघडली. आनंदराव सुचेल ते सांगत गेले, हे माना डोलवत गेले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा, ते कळेना.

संध्याकाळच्या गाडीला आनंदराव निघाले. दाणे छान होते म्हणाले, म्हणून मी थोडे पुडीत बांधून फाटकापर्यंत गेले. त्यांनी पुडी घेतली आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, करोनापासनं मला कशाचाच वास येत न्हाय. चव बी न्हाय. पुष्कऱ्याला बोलू नका हां. बोलवायचा बंद व्हईल."

तेवढ्यात वरून हाक आली. पुष्करराव गच्चीच्या कठड्यावरून वाकून ओरडत होते, "आनंदा, पुढच्या रविवारी नक्की ये रं! तू सांगितल्याबिगर मला काय कळत न्हाय!"