जुळलं नाही

"माह्यं रगत घ्या ना जी. बैलासारखा धडधाकट हाय मी," बाही वर करत किसन म्हणाला.

किसनचा धाकटा भाऊ दिलीप आमच्या गडचिरोलीच्या दवाखान्यात बेशुद्ध पडला होता. हिवतापानं. हिवतापाचे जंतू रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतात, तिथेच वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. दिलीपच्या एवढ्या पेशी फुटल्या होत्या की रक्ताचं पाणी झालं होतं. ओ पॉझिटिव्ह रक्त ताबडतोब हवं होतं आणि ब्लड बँकेतली ओ गटाची शेवटची पिशवी दुपारीच एका बाळंतिणीला दिली होती. चंद्रपूरहून पिशवी येईपर्यंत तो टिकेल, याची खात्री कोणी देईना.

मी पॅथॉलॉजिस्ट. ब्लड बँक माझ्याकडे, वॉर्ड डॉ. शेखरकडे. पेशंट वाचला तर पाया शेखरच्या पडणार, हे ठरलेलं. मायक्रोस्कोपला कोणी नारळ देत नाही. शेखरच्या केबिनमध्ये स्मृतिचिन्हांना जागा पुरत नाही; माझ्या खोलीत एक कॅलेंडर आहे, तेही औषध कंपनीचं.

"भाऊ असावा तर असा!" शेखरनं किसनची पाठ थोपटली. अर्थात सगळ्यांसमोर.

दिलीपची बायको सुनंदा मात्र थोरल्या दिराकडे रोखून पाहत होती. "एका घरी राह्यतो, एकाच तळ्यात जाळं टाकतो, मच्छर बी तेच. मंग त्यायले काऊन नाई झालं? माह्याच नवऱ्याले काऊन?"

प्रश्न रास्त होता. सूर जळका होता. तो सूर मला चटकन ओळखू येतो.

किसनचा गट ओ पॉझिटिव्ह निघाला. पण दात्याच्या रक्तात हिवताप नाही ना, हे पाहिल्याशिवाय पिशवी भरत नाहीत. मी काचेवर थेंब पसरला आणि पाहिला. जंतू होते. थोडे, पण होते.

"किसनभाऊ, ताप कधी आला होता?"

"ताप? नाई जी. पावसाळ्यात कसकस येते कधीमधी. आमच्या भामरागडकडं सारेच अंगावर काढून राह्यले."

अंगावर काढणं. पाठ्यपुस्तकात याला एक धडा खर्ची पडतो. दर पावसाळ्यात तोच जंतू येतो, शरीर त्याचा चेहरा ओळखायला शिकतं आणि त्याला चिकटणारी प्रथिनं तयार करतं. त्यांना अँटीबॉडी म्हणतात. त्या जंतूला संपवत नाहीत, फक्त डोकं वर काढू देत नाहीत. मात्र या अभ्यासाला उजळणी लागते. दिलीप कित्येक वर्षं हैदराबादला वॉचमन होता, यंदाच परतला. त्याचं शरीर धडा विसरलं होतं.

"म्हंजे त्यायच्या बी अंगात हाय?" सुनंदानं विचारलं.

"आहे."

तिचा चेहरा पहिल्यांदाच थोडा सैल झाला.

किसनला गोळ्या दिल्या. तो नाराज. "मले काई झालं नाई. गोळ्या काऊन?"

"डास तुझ्यातूनच जंतू दुसऱ्याकडे नेतो म्हणून. आणि अंगावर काढणं दर वेळी जमतंच असं नाही."

आता रक्त कोण देणार? "माझं ओ पॉझिटिव्ह आहे," शेखर म्हणाला आणि खुर्चीत बसलासुद्धा. त्याची काच मी तपासली. नियमाप्रमाणे एकदा पुरतं. मी दोनदा पाहिली. स्वच्छ होती.

पिशवी चढली, इंजेक्शनं चालूच होती. सकाळी दिलीपनं डोळे उघडून पाणी मागितलं. पुढे पेपरात शेखरचा फोटो आला, हात अजून दुमडलेलाच. काच कोणी पाहिली, हे बातमीत नव्हतं.

दिलीपला घरी न्यायच्या दिवशी सुनंदा शेखरसाठी हातभर मरळ मासा घेऊन आली. वाटेत मी दिसलो.

"तुमी काऊन नाई देल्लं रगत?"

"जुळलं नसतं, बाई. ओ गटाच्या रक्तात ए आणि बी, दोन्हींच्या विरुद्ध अँटीबॉडी असतात. मदतीला आलाय की मारायला, हे त्या विचारत नाहीत. परका दिसला की फोडतात. माझा गट एबी. आम्ही सगळ्यांकडून घेऊ शकतो, देऊ मात्र फक्त एबीलाच."

तिनं मान डोलावली. "असे लई लोक हाय आमच्या गावात."

शेखर शाकाहारी आहे. संध्याकाळी त्यानं तो मासा माझ्याकडे पाठवून दिला.

मी ठेवून घेतला. गटच तसा.