मलपृष्ठावरची आई

"तो फ्रिज झाका जरा. फ्रेममध्ये येतोय."

माझ्या पुस्तकासाठी आलेल्या मॅडम हे बोलल्या तेव्हा त्यांच्या हातात आमच्याच फ्रिजमधल्या थंड पाण्याचा ग्लास होता. कॅमेरावाल्यानं पिशवीतून चादर काढली. वारली चित्रांची, छापील, बाजारात मिळते ती. ती त्यानं फ्रिजवर टाकली आणि मला तिच्यापुढं खाली बसवलं. खुर्ची होती घरात, पण खुर्चीही नको म्हणाले. असली चित्रं, आमचा चौक, आम्ही लग्नात भिंतीवर लिहितो, फ्रिजवर नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण चादरीचा एक कोपरा घसरत होता, तो मीच वर खोचला. आईला वाटलं, धूळ बसू नये म्हणून झाकतायत. भली माणसं हायत, म्हणाली.

उमरोळी स्टेशनापासून आत आमचं गाव आहे. मी बोईसरला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जाते. दिवसभर उभं राहून खोके भरायचे, तोंडाला मास्क, आणि मास्कच्या आत सगळ्या बायकांची टकळी चालू. त्या गप्पांतून मला गोष्टी सुचल्या. एका गोष्टीत एकीच्या डब्यातली भाकरी चुकून खोक्यात पॅक होते आणि परदेशी जाते. दुसरीत हिंदी बोलणारा सुपरवायझर आमच्या शिव्यांना आशीर्वाद समजतो आणि रोज मान लववतो. हसवायला लिहिल्या होत्या हो मी. आमच्यात कोण किती हसतं, हे कुणी लिहीतच नाही.

शहरातल्या एका प्रकाशनानं पुस्तक घेतलं. मी हवेत. मग त्यांच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या या मॅडमनी मागच्या पानावर टाकायला पुस्तकाबद्दल चार ओळी मागितल्या. अख्खं पुस्तक लिहिलं, पण त्या चार ओळी काही केल्या जमेनात. स्वतःचंच कौतुक कसं करायचं, ते आम्हाला कुणी शिकवलंय? शेवटी लिहून पाठवलं, 'हे माझं पहिलंच पुस्तक आहे. चूकभूल माफ असावी.' मॅडम फोनवर खूप हसल्या. राहू दे गं, मीच येते, म्हणाल्या. मदत करायला आल्या होत्या त्या. हे मी आजही नाकारत नाही.

कॅमेरा सुरू झाला. मी म्हणाले, माझ्या पुस्तकात विनोदी गोष्टी आहेत. त्यांनी हात वर केला. असं नको, म्हणाल्या, तुझं सांग. तू काय सोसलंस ते सांग. आणि पुस्तकी नको बोलूस, घरी बोलतेस तसं बोल. 'आहे' नको. 'हाय' म्हण.

पालघरच्या कॉलेजात मी पहिल्या दिवशी उभी राहून 'मी आदिवासी हाय' म्हणाले होते आणि सगळा वर्ग हसला होता. मागच्या बाकावरून महिनाभर 'हाय हाय' ऐकत होते. त्या 'हाय'चा 'आहे' करायला माझी वर्षं गेली. आरशापुढं उभी राहून बोलायची मी, वेड्यासारखी. आणि आता या बाई सांगत होत्या, परत 'हाय' म्हण. मी म्हणाले. "आमी लय सोसलाय," असंही म्हणाले. असं आमच्या घरात कुणी बोलत नाही. मॅडम खूश. आई दाराशी उभी राहून माझ्याकडं बघत होती, जशी कुणा दुसऱ्याच्याच पोरीकडं बघावी.

पुढच्या आठवड्यात मागच्या पानाचा फोटो मोबाईलवर आला. जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या गेटाशी उभं राहून वाचला. 'निरक्षर आईच्या पोटी, भुकेनं कळवळणाऱ्या बालपणात उमललेलं हे रानफूल...' भाकरीचा पत्ता नाही. सुपरवायझर नाही. हसण्याचा एक शब्द नाही. कान तापले माझे. भुकेनं कळवळणारं? पावसाळ्यात घरातलं भात सरत आलं की आई-बाबा वीटभट्टीवर जायचे, पण चूल विझू दिली नाही तिनं. कमी असेल, पण होतं. आईचं ताट मी नीट बघितलं नसेल, ती गोष्ट वेगळी.

आणि मी काय उत्तर लिहिलं? 'छान आहे मॅडम.' पुढं दोन जोडलेले हात. पुस्तक हातचं जाईल म्हणून. हे लिहिताना आत्ताही मान खाली जाते.

घरी आले तर आईनं हात पुढं केला. बघू तुझा पुस्तक. मी मोबाईलवरचा फोटो उघडून दिला. तिला वाचता येतं. मी पहिलीत होते तेव्हा माझ्याच पुस्तकावरून, माझ्याच शेजारी बसून ती शिकली. सावकाश वाचते, अक्षरावर बोट ठेवून. मला मोबाईल काढून घेता आला असता. नाही काढला.

"नि-र-क्ष-र," ती म्हणाली. "म्हंजे काय गं?"

मी सांगितलं. सांगावंच लागलं. वाचता येत नाय अशी बाई.

ती पुन्हा बोट ठेवून पुढं गेली. भूक वाचली, कळवळणं वाचलं. मला वाटलं, आता विचारेल, तुला कंदी उपाशी ठेवली मी? ते नाही विचारलं. तिचं बोट फोटोच्या खाली सरकलं.

"छा-न आ-हे म्या-ड-म," तिनं वाचलं. "हा कोनी लिवला?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना. ती काही दुभंगत नाही. उभंच राहावं लागतं.

"मी," म्हणाले.

आईनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि तांदूळ निवडायला बसली. तिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तिच्यासमोरच मी फोन लावला. मॅडम, तो मजकूर छापू नका, म्हणाले. त्यांना आधी गंमत वाटली. मग समजावू लागल्या. अगं, तुझ्याच भल्याचं आहे. मग आवाज बदलला.

"हे बघ, लोक तुझी कहाणी विकत घेतात. तुझ्या गोष्टी नाही."

"मग गोष्टी परत द्या माझ्या," मी म्हणाले. "आई माझी वाचते. तुम्ही लिहिलेलं तिनं वाचलं. आणि मला तू म्हणू नका."

त्यावर मॅडमचं, कव्हर छपाईला गेलंय, आता बदललं तर पुस्तकच राहून जाईल, असं काहीबाही. राहू दे, मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पुस्तक अजून निघालेलं नाही. कंपनीतल्या बायका विचारतात, काय झालं गं, आमची भाकरी कुठं अडकली? मी सांगते, मागच्या पानावर अडकली. आईनं त्या दिवसाचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि माझं तोंड तिच्यापुढं अजून वर होत नाही. ते व्हावं म्हणून हे लिहीत नाहीये. ते माझं मी भोगीन.

त्या चार ओळी मात्र आता जमल्या. 'बोईसरच्या कंपनीत खोके भरणाऱ्या बायकांच्या या गोष्टी आहेत. हसण्यासाठी लिहिल्या आहेत. लिहिणारी आदिवासी आहे. तिची कीव करू नये.' आधी आईला वाचायला दिल्या. तिनं बोट ठेवून शेवटपर्यंत वाचल्या. यातला एक शब्द जरी कुणी बदलला, तरी पुस्तक द्यायचं नाही. मग ते मी मेल्यावर निघालं तरी चालेल.