घड्याळाचा झिजलेला कोपरा

गेल्या गुरुवारी मी महाल भागातल्या घड्याळवाल्याकडे माझं लग्नातलं घड्याळ पॉलिशला टाकून आलो... आणि शुक्रवारी सकाळी तेच घड्याळ परत आणायला धावत सुटलो. मधे काय झालं ते लिहितो.

रविवारी आमच्या नातीचा, पल्लवीचा साखरपुडा होता. धरमपेठेत हॉल, मुलाकडची मंडळी शिकलेली, मोठ्या नोकऱ्यांतली. मी सातवीपर्यंत शिकलो, सारं आयुष्य लकडगंजात लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत गेलं. आपल्या हातून काहीतरी चुकणार, असा घोर मला महिनाभर आधीच लागला होता.

हे घड्याळ मला सासऱ्यांनी दिलं. चावी भरायचं आहे, केसवर सोन्याचं पाणी. मागच्या झाकणावर त्यांनी भांड्यांच्या दुकानातून स्वतःचं नाव घालून आणलं होतं... ठिपक्याठिपक्यांचं, भांड्यावर घालतात तसंच.

चावीजवळचा कोपरा मात्र पार उडाला आहे. काळजी लागली की माझा उजवा अंगठा आपोआप तिथे जातो आणि घासत बसतो. आणि मला काळजी केव्हा लागत नाही? इतक्या वर्षांत सोनं गेलं, खालचं पितळ उघडं पडलं. व्याह्यांना हात जोडले की नेमका तोच कोपरा त्यांच्या तोंडासमोर येणार...

"आबा, तसंच राहू द्या ना. जुनं घड्याळ ओरिजिनलच छान दिसते," पल्लवी म्हणाली. मोबाइलवर तिने शौकीन लोकांची घड्याळं दाखवली. ते म्हणे ओरखडेसुद्धा जपतात, कोणाला घासू देत नाहीत.

मला काही पटलं नाही. आपल्याकडे दिवाळीला घराला चुना लागतो, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलाला नवा रंग लागतो. जुनं ते सोनं, खरं आहे... पण सोनंच उडालं असेल तर?

घड्याळवाला मोठा उत्साही. "काका, असं चमकवून देतो का व्याही विचारतील, कोणत्या शोरूममधून आणलं!" मग म्हणाला, "पाणी चढवायच्या आधी सगळं घासावं लागते. मागचं नाव पण जाईल. चालते ना?"

घाईघाईत मी "चालते" म्हणून बसलो.

बाहेर आलो आणि पायरीवरच थांबलो. टालावर राहिलेला माणूस मी. रंधा मारला की लाकूड गुळगुळीत होतं, पण निघालेला थर परत बसत नाही, हे मला का माहीत नाही? आणि नाव कोणाचं... तर बायकोच्या वडिलांचं. परत आत जायची हिंमत झाली नाही. घरीही काही बोललो नाही.

शुक्रवारी सकाळी चहाला बसलो. माझी बायको सुमन माझ्या हाताकडे बघत होती.

"नुसतं मनगट काहून घासून राहिले जी? घड्याळ कुठी गेलं?"

सांगून टाकलं. तिच्या बाबांचं नाव जाणार, हेही सांगितलं. आता चहा गार होईपर्यंत ऐकावं लागणार, असं वाटलं. तर ही हसली.

"बाबाचं नाव तं माह्या गंजावर आहे, गुंडावर आहे, पोह्याच्या डब्ब्यावर आहे. रोज घासते मी त्यायले. पण तो कोपरा घासू नको म्हणा त्याले."

"कोपरा काहून वं?"

"तुम्ही तोंडानं कधी सांगता का काही? त्या अंगठ्यावरूनच तं समजते मले." मग म्हणाली, "माह्यं ऑपरेशन झालं तवा डोळे उघडले, तं पहिले तो अंगठाच दिसला. घासून राहिला होता. म्हटलं, हाव, हे इथंच आहेत."

त्या ऑपरेशनला किती वर्षं झाली. माझी भीती तेव्हा कोणाला दिसली नाही, अशा समजात मी आजवर होतो...

चहा तसाच ठेवला आणि निघालो. घड्याळवाल्याने मला पाहून मोठ्या खुशीत झाकण पुढे केलं. "या काका! मागचं तं झालं. आरसा पाहा आरसा!"

नाव गेलं होतं. एक ठिपका उरला नव्हता. केसला मात्र अजून हात लागला नव्हता.

"बाकीचं राहू दे भाऊ. आहे तसं जोडून दे."

"अर्धवट? लोक म्हणतील ना काका, असं कसं काम केलं!"

"लोकांले मी सांगतो."

घरी सुमनने घड्याळ उलटं केलं. त्या गुळगुळीत झाकणावरून बोट फिरवत राहिली. डब्ब्यावर नाव आहे म्हणाली होती खरी... पण बोट थांबेना. शेवटी "जाऊ द्या" म्हणाली आणि घड्याळ माझ्या मनगटाला बांधून दिलं.

रविवारी व्याह्यांना हात जोडले. त्यांनी कोपरा पाहिला की नाही, देव जाणे. पण अंगठी घालायची वेळ आली आणि ती मुलाच्या बोटात जाईना. सगळे हसत होते, माझा जीव मात्र खालीवर. अंगठा गेलाच कोपऱ्यावर.

सहज पलीकडे नजर गेली. सुमन स्टेजकडे बघतच नव्हती. बायकांच्या घोळक्यातून माझ्या हाताकडे बघत होती. तिने हळूच मान हलवली... काही नाही होत. तेवढ्यात अंगठी बोटात गेली.

झाकण पाहिलं की अजून चुटपुट लागते. ती आता राहणारच. पण मी न सांगितलेलं इतकी वर्षं कोणीतरी वाचत होतं, हे या वयात कळलं. कोपरा वाचला, हे देवाचे उपकार...

एवढं लिहून फोन बाजूला ठेवला. हे सगळ्यांना वाचायला टाकावं की नको, लोक हसतील का, असा विचार करत, अंगठ्याने कोपरा घासत बसलो होतो.

"टाका आता," सुमन स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.